उंबरजाईचं वय

घोडेगाव
१२ फेब्रुवारी २०२३

इंद्रायणी,

अभिनंदन. एवढा एक शब्द लिहायला मला आठवडा लागला, तेव्हा तो फुकटचा समजू नकोस.

बातमी माझ्या नवऱ्याने, पीयूषने वाचून दाखवली, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. 'आंबेगावची लेक स्कॉटलंडच्या बेटावर.' फोटोत तू लाल रेनकोट घालून उभी आहेस, मागे समुद्र, आणि चिमटीत काहीतरी धरलंयस. बातमीत त्याला 'साधूचा दाणा' म्हटलंय. सातूचा असणार. छपाईतली ती चूक पाहून मला बरं वाटलं, हेही लिहूनच टाकते.

बाकी बातमी नीट होती. त्या बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की आमचा संत चौदाशे वर्षांपूर्वी इथल्या दगडी खोपीत राहिला. विद्वान म्हणत होते, खोप फार नंतरची, यात्रेकरूंसाठी कुणीतरी रचलेली. तू त्या खोपीच्या चुलीखालचा जळका दाणा शोधलास, प्रयोगशाळेत त्याचं वय काढलंस आणि लोक खरे ठरले. सगळं बेट तुझ्यावर खूश. लाकडाचं नाही, दाण्याचं वय काढायचं, कारण लाकूड जाळण्याआधीच शंभर वर्षांचं असू शकतं आणि दाणा त्याच सालचा असतो, हे बाईंनी आपल्या दोघींना एकाच बाकावर शिकवलं होतं. पेपरात मात्र ती 'इंद्रायणीची युक्ती' आहे.

तुझी आई पेढे घेऊन दुकानात आली. साडी घ्यायची होती. सत्कार तुझा, पण तू तिकडे, म्हणून तो आईच घेणार. साड्या मीच दाखवल्या, मीच घडी घालून दिली. पेढा हातावर ठेवताना म्हणाली, "तू पन इंदूच्याच वर्गात व्हतीस ना गं?" वर्गात पहिली कोण होती ते मी सांगितलं नाही. पेढा खाल्ला.

आपण बोललो त्याला सात वर्षं होतील. तू माझ्या लग्नाला आली नाहीस, मी तुला विमानतळावर सोडायला आले नाही. फिट्टंफाट झाली असं मी धरून चालले होते. बाईंना परदेशच्या शिष्यवृत्तीसाठी एकच नाव द्यायचं होतं आणि त्यांनी तुझं दिलं, यात तुझा काय दोष? मला कुणी विचारलंच नाही, एवढंच.

फोन केला असता, पण फोनवर तू बोलायला लागतेस आणि मी ऐकायला लागते. पत्रात तसं होत नाही.

काम असं आहे. धरणाच्या पाण्यात तुमची उंबरवाडी गेली तेव्हा तू कडेवर होतीस. वाडी वर डोंगराच्या अंगाला सरकली, उंबरजाईची टेकडी मात्र पाण्यातच राहिली, बेट होऊन. तू जगाच्या टोकाला दुसऱ्यांच्या बेटावर जातेस आणि मी तुझ्या बेटावर जाते, अशी आपली वाटणी झालीय. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की टेकडीचा काठ आणखी ढासळलेला असतो. देवीच्या दगडी चौथऱ्याखालची जमीन आता उघडी पडलीय. चोपून केलेली, भाजलेली, आणि तिच्यात लाकडी खांबांचे खळगे. म्हणजे आजच्या चौथऱ्याच्या आधी तिथं लाकडी देऊळ होतं आणि ते जळलं.

माझं म्हणणं, ते देऊळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. लेण्याद्रीची लेणी खोदली जात होती तेव्हाचं. कोकणातून घाट चढून आलेले व्यापारी इथं मुक्कामाला थांबत असणार आणि त्यांनीच हे ठाणं घातलं. यावर मी लेख लिहिला, तो कॉलेजच्या वार्षिकात आला. तासिका तत्त्वावर शिकवणारीचा लेख वार्षिकातच येतो.

आता तुझा भाऊ. सोपानभाऊ ट्रस्टचे अध्यक्ष झालेत आणि तो चौथरा काढून तिथं सिमेंटचं मंदिर बांधणार आहेत. मी तीन वर्षं सांगतेय की थांबा, हे फार जुनं आहे. ते म्हणतात, "शेठाणी, देव आमचा. तुमी कशाला उन्हात हिंडता?" पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना मी भेटले. त्यांचं म्हणणं, आधी वय सिद्ध करा, मग बघू.

वय काढायची सोय तुझ्याकडे आहे. हे मला सुचलं नाही, तुझ्या आईला सुचलं. "इंदूला इचार की." म्हणून विचारतेय. आई म्हणाली म्हणून.

सिद्धी


घोडेगाव
२८ मे २०२३

इंद्रायणी,

तुझं उत्तर इतकं गोड असायची गरज नव्हती. 'तुझ्याशिवाय त्या जागेकडे कुणी पाहिलंच नसतं' हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं आणि दर वेळी ते मला उंचावरून टाकलेल्या प्रसादासारखं लागलं.

सोपानभाऊंना तू एक फोन केलास. ज्याच्यासाठी मी त्यांच्या दारात खेटे घालून चपला झिजवल्या, ते तुझ्या एका फोनवर झालं. दुसऱ्याच दिवशी ते दुकानात आले. "आमची इंदू म्हनली वय काढू, तर काढू. तवर वीट न्हाई लावनार." मी आनंद झाल्यासारखं केलं. झालाही असेल. पण त्या संध्याकाळी माझे सगळे फुलके करपले आणि सासूबाईंनी विचारलं की कुणाशी भांडून आलीस का.

नमुने घ्यायची परवानगी आली, तसे आम्ही गेल्या आठवड्यात बेटावर गेलो. खात्याचा एक माणूस, मी, सोपानभाऊ आणि निम्मी वाडी. निम्मी वाडी माझ्यासाठी आलेली नव्हती. सोपानभाऊंनी फोन काठीला बांधून उभा केला होता आणि त्यात तू होतीस, केस ओले, हातात कप. पोरं "इंदूआत्या, इंदूआत्या" करत पुढं घुसत होती. मी चिखलात गुडघ्यांवर, तोंड खळग्यात, आणि समुद्रापलीकडून तू सांगतेस, "सिद्धी, हाताने नको, चिमट्याने घे." माझ्या हातात चिमटाच होता. तुला दिसला नसेल. पण वाडीने ऐकलं, आणि एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाई, ती सांगती तसं कर."

सगळ्यात खोल खळग्याच्या तळाशी वरईचे जळके दाणे मिळाले, चिमूटभर. खांब रोवताना खाली नैवेद्य टाकला असावा. त्याच खळग्यात खांबाचा कोळसाही होता, मुठीएवढा.

एक सांगते. खांब जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर कोळशाचं वय शे-दोनशे वर्षांनी जास्त दिसेल. नुसता कोळसा पाठवला तर ते माझ्या म्हणण्याच्या जवळ सरकेल, हे मला तिथं गुडघ्यांवर असतानाच कळलं होतं. मी दोन्ही पाठवणार आहे. प्रामाणिकपणा वगैरे नाही त्यात. कोळसा बघितल्याबरोबर तू विचारशील, "दाणे नव्हते का गं?" आणि तो प्रश्न मला तुझ्या तोंडून ऐकायचा नाही.

देशाबाहेर नमुने न्यायची परवानगी वेगळी लागते. ती आली की पार्सल निघेल.

सिद्धी


घोडेगाव
१० जानेवारी २०२४

इंद्रायणी,

परवानगी आली, पार्सल गेलं. डबीवर मी माझं नाव लिहिलंय, ते पुसू नकोस.

तुझी आई आता दर बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसते. नव्या फोनमधले फोटो तिला उघडता येत नाहीत, ते मी उघडून दाखवायचे. म्हणजे तुझा एकही फोटो माझ्या नजरेतून सुटत नाही. तुझी मेंढरं बघितली, तुझ्या खिडकीतला बर्फ बघितला, प्रयोगशाळेतलं ते यंत्र बघितलं, ज्याच्यासमोर उभं राहायचं म्हणून मी एम. ए.ला असताना इंग्रजी सुधारत होते. एक दाढीवाला तुला चहा देतोय. आईने विचारलं, हा कोण. मी म्हणाले, साहेब असेल. साहेब कुणाला चहा देत नाही, एवढं तिलाही कळतं.

परवा ती म्हणाली, "इंदूला तिकडं लई एकटं वाटतं गं. रडली काल." मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं, की ही गोष्ट तू मला का नाही लिहिलीस. तुझं दुःखसुद्धा मला दुसऱ्याकडून कळावं याचा राग आला. माझा स्वभाव कुठवर गेलाय ते बघ.

पीयूष साधा माणूस आहे, तो कुणाला टाकून बोलत नाही. पण रात्री जेवताना म्हणाला, "तू इंद्रायणीबद्दल जेवढं बोलतेस तेवढं माझ्याबद्दल कुणाशी बोलतेस का?" मी म्हटलं, तू काही मोठं केलंस तर बोलेन. तो हसला नाही. ताट उचलून गेला.

हे सगळं तुला का सांगतेय, माहीत नाही. वय कळलं की आधी मला कळव. सोपानभाऊंना नाही, आईला नाही. मला.

सिद्धी


घोडेगाव
१५ सप्टेंबर २०२४

इंद्रायणी,

संवत्सरीला आम्ही जैन वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागतो. मी सासूबाईंची मागितली, गिऱ्हाइकांची मागितली, पीयूषचीही मागितली. तुझ्यासाठी मेसेज लिहून ठेवला होता, पाठवला नाही. बरंच झालं. आज तो परत घ्यावा लागला असता.

मी सांगितल्याप्रमाणे तू निकाल आधी मला कळवलास, त्याबद्दल आभार. खांबाचा कोळसा साधारण सहाशे वर्षांचा. दाणे चारशे-साडेचारशे वर्षांचे. म्हणजे देऊळ उभं राहिलं ते जुन्नरला निजामशाही होती तेव्हा. सातवाहन नाही, लेणी नाहीत, व्यापारी नाहीत.

तुझं बेट चौदाशे वर्षांचं निघालं. तिथले लोक जे म्हणत होते तेच निघालं. आणि माझं चारशे. दोन्ही ठिकाणी दाणा, दोन्ही ठिकाणी तेच यंत्र, पण तुझ्या वाट्याला संत आणि माझ्या वाट्याला काहीच नाही.

मी मनात आलेलं लिहिते, राग येईल तर येऊ दे. माझं बेट तुझ्या बेटापेक्षा जुनं निघालं असतं तर तुला सोसलं असतं का? खरं सांग. नमुन्यात काही मिसळलं नाही ना? पुन्हा मोजशील का? दुसऱ्या खळग्यातले दाणे पाठवते, दुसऱ्या प्रयोगशाळेत दे. तुझ्या हाताखालून न गेलेला आकडा मला हवाय.

फोन करू नकोस. तुझे येऊन गेलेले मी बघितलेत. उचलणार नाही.

सोपानभाऊंना तू काही सांगितलं नाहीयेस, हे मला ठाऊक आहे, कारण ते रोज मला विचारतात. मीही सांगितलेलं नाही. कॉलेजात तर सगळ्यांना माहीत आहे की सिद्धी मॅडमची जागा दोन हजार वर्षांची आहे. पोरांनी पोस्टर केलंय, दाराशी लावलंय. त्याच्याखालून मी रोज वर्गात जाते.

सिद्धी


घोडेगाव
४ नोव्हेंबर २०२४

इंद्रायणी,

मागचं पत्र पोचलं असेल. त्यातलं मिसळल्याबिसळल्याचं जे लिहिलं ते खोटं आहे, हे मला लिहितानाही माहीत होतं. तू तशी नाहीस. तू तशी असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आई म्हणाली, डिसेंबरात येतेयस. मला आईकडूनच कळायचं, ते ठरलेलंच आहे. तू म्हणालीस म्हणे, की बेटावर सगळ्यांना बोलवा, वय तिथंच सांगू. सोपानभाऊंनी वाळू-सिमेंट आणून ठेवलंय, दिवाळीनंतर काम काढायचं होतं, ते तुझ्यासाठी पुन्हा थांबलंय. येतेयस तर ये. दुकान तिथंच आहे.

सिद्धी


घोडेगाव
१९ जानेवारी २०२५

इंदू,

तू गेल्यावर बाजारच्या दिवशी आई आली नाही. मीच वाडीवर जाऊन आले. बरी आहे, गुडघा दुखतो, तू आणलेलं लोकरीचं कानटोपडं घालून भाकरी थापत होती.

त्या दिवशी बेटावर जे झालं ते तू बघितलंयस. तरी लिहिते, कारण तू ते तुझ्या जागेवरून बघितलंस आणि माझ्या जागेवर काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही.

होडीत सोपानभाऊंचं इंजिन एवढं धडधडत होतं की आपलं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी विचारलं. आठ-नऊ वर्षं गिळलेला प्रश्न. बाईंनी माझं नाव का नाही दिलं? मला वाटलं होतं तू म्हणशील, मला काय माहीत. तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "बाईंनी मला विचारलं होतं, सिद्धी जाईल का. मी म्हणाले, तिचं लग्न ठरलंय. खोटं नव्हतं ते. पण तुला विचारा, असंही मी म्हणाले नाही. मला जायचं होतं."

माझ्या डोक्यात काय काय आलं असेल असं तुला वाटलं? तुला धक्का द्यावा असं नाही आलं. इतकी वर्षं माझा हेवा म्हणजे माझाच कोतेपणा, असं मी मानत होते, आणि आता त्याला कारण मिळालं होतं. पहिल्यांदा हलकं वाटलं. मग लगेच कळलं, की हे कारणही घट्ट धरता येत नाही. तू खोटं बोलली नाहीस. मला विचारलं असतं तर मी पप्पांसमोर उभी राहिले असते का, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जवरीलाल शेठ 'नाही' म्हणायच्या आधीच त्यांची सिद्धी 'नाही' म्हणून मोकळी होते, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

मग होडी काठाला लागताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "वय तू सांग. तू जे सांगशील त्याला मी हो म्हणेन. दोन हजार म्हणालीस तरी."

इंदू, तू हे चांगल्या मनाने म्हणालीस. मला ते माहीत आहे. शिष्यवृत्ती परत देता येत नाही, म्हणून तू मला दोन हजार वर्षं देत होतीस. आणि मला ती हवी होती. चौथऱ्यापर्यंतची चढण चढताना मी मनात वाक्यं जुळवत होते. दोन हजार म्हणायचं, खात्याला कळवायचं, मंदिर थांबेल, पोस्टर राहील, माझा लेख राहील, आणि स्कॉटलंडहून आलेली इंद्रायणी मान हलवेल. कुणाचंही काही गेलं नसतं. फक्त तू आईला फोन केलास की दर वेळी मला आठवलं असतं, हे तुझ्या दयेने उभं आहे.

ते मला सोसलं नसतं. मी खरं बोलले ते खऱ्याच्या प्रेमापोटी नाही. तुझी उधारी मला नको होती.

वर सगळे बसले होते. आई चौथऱ्याला टेकून, वाडीतले म्हातारे गेणभाऊ काठीवर हनुवटी ठेवून, बाया बाजूला. सोपानभाऊंनी तुझ्याकडे बघून विचारलं, "बोल इंदे. किती वर्सांचा आमचा देव?" आणि तू म्हणालीस, "तिला विचार. तिनं शोधलंय." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एवढी तोंडं माझ्याकडे त्या टेकडीवर कधी वळली नव्हती, आणि वळली ती हे ऐकायला.

मी म्हणाले, "दोन हजार नाही. मी चुकले. चारशे-साडेचारशे वर्षांचं आहे. निजामशाहीतलं."

 मला वाटलं, संपलं. आता हे लोक उठतील आणि खाली जाऊन वाळूचं पोतं उचलतील. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि तुझ्यासमोर मला रडायचं नव्हतं.

मग सोपानभाऊंनी विचारलं, "चारशे वर्सांपूर्वी हितं कोन व्हतं?" तू म्हणालीस, "आपणच. आपली माणसं डोंगरात होतीच तेव्हा." ते चौथऱ्याखालच्या त्या भाजक्या जमिनीपाशी जाऊन उकिडवे बसले. आणि मग जे बोलले ते मी तसंच लिहिते, कारण तुझं लक्ष आईकडे होतं. "शेठाणी दोन हजार म्हनत व्हत्या तवा मला वाटायचं, ह्ये कुनातरी मोठ्या लोकांचं. राजाचं, यापाऱ्याचं. आपुन मागनं येऊन बसलो. मंग ते ठेवलं काय, काढलं काय. पन ही वरई आमच्या बाईनं टाकलेली असंल तर तिच्यावर स्लॅब कसा वतायचा?"

गेणभाऊंना ते पटलं नाही. सिमेंट आणलंय, लोकांनी नवस बोललेत, देवी उन्हात किती दिवस बसवायची, असं ते म्हणाले. तिथून जे भांडण लागलं त्यात मी नव्हते, तूही नव्हतीस. ते त्यांचं त्यांचं भांडण होतं. शेवटी ठरलं ते तुला माहीतच आहे. मंदिर खालच्या अंगाला, काठापासून आत. चौथरा जागेवर, त्याला हात लावायचा नाही. वर फक्त शेड. मी गेल्या आठवड्यात बघून आले. निळा पत्रा आहे, इंदू. इतका निळा की पलीकडच्या रस्त्यावरून दिसतो. खात्याचे साहेब बघतील तेव्हा काय म्हणतील ते म्हणोत. चौथरा वाचला.

म्हणजे मी इतकी वर्षं 'फार जुनं, फार जुनं' म्हणत ती जागा त्यांच्या हातातून काढून घेत होते. जितकी जुनी ठरवायची तितकी ती त्यांच्यासाठी परकी होत गेली. ती वाचली ती माझं म्हणणं खोटं ठरलं म्हणून. हे पचायला मला थोडे दिवस लागतील.

पण या सगळ्यात मला जे खुपलं ते वेगळंच होतं, आणि ते तुला सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. सोपानभाऊ 'आमच्या बाईनं' म्हणाले ना, तो शब्द. चारशे वर्षांपूर्वीच्या, नावगाव माहीत नसलेल्या एका बाईला ते 'आमची' म्हणाले आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. मलाही वाटलं. आमच्या घराण्यातला पहिला माणूस मारवाडातून खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन आला. माझ्या सासऱ्यांचे आजोबा इथं जन्मले, मी स्वप्नंसुद्धा मराठीत बघते. तरी दुकान अजून 'मारवाड्याचं'. त्या दिवशी परत येताना होडीत मला कळलं, की मी त्या टेकडीवर व्यापारीच का शोधत होते. कुणीतरी लांबून माल घेऊन आलेला, मुक्कामाला थांबलेला, आणि त्यानेच ठाणं घातलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यासारखं कुणीतरी तिथं आधी पोचलेलं मला हवं होतं.

तुझ्या यंत्राचा, तुझ्या लाल रेनकोटाचा हेवा मी उगाच करत बसले. तो आता कमी झालाय, खरंच. त्याच्या जागी हा आलाय, आणि हा जाईल असं वाटत नाही. तू परत यायचं म्हटलंस तर तुला यायला जागा आहे, पाण्याखाली गेलेली का असेना. यावर तू काही समजुतीचं लिहू नकोस. मी तुला ओळखते, तू लिहिशील. नको.

कॉलेजातलं पोस्टर मी स्वतः काढलं. पोरांनी विचारलं, मी सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, तुम्ही हरलात?" मी तिला वरईच्या दाण्याचं सगळं समजावून सांगितलं. तास संपून गेला, तरी कुणी उठलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. पीयूषला सांगितलं तर म्हणाला, आज इंद्रायणीचं नाव नाही काढलंस.

आता कामाचं. तू म्हणालीस, दोघी मिळून या जागेवर पेपर लिहू, तिकडच्या जर्नलला देऊ. मला मान्य आहे. खळग्यांची रेखाटनं, मोजमापं, दर उन्हाळ्याचे फोटो माझ्याकडे आहेत, ते मी पाठवते. मजकूर तू लिही, तुझं इंग्रजी आता माझ्यापेक्षा बरं झालंय. माझा सातवाहनांचा लेखही त्यात येऊ दे आणि तो का चुकला तेही येऊ दे, ते मीच लिहीन, दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही.

आणि नावं. तू अकारविल्हे लावशील आणि म्हणशील, सगळीकडे तशीच पद्धत आहे. इंदू, मराठीत लाव नाहीतर इंग्रजीत लाव, 'इंद्रायणी' कायम 'सिद्धी'च्या आधीच येते. या वेळी तसं लावू नकोस. माझं नाव आधी घाल.

तुझी
सिद्धी